नेवरूझचा दाखला

हजेरी बंद झाली त्या सकाळीसुद्धा आम्ही सगळे पंपघरासमोर जाऊन उभे राहिलो होतो. आदल्या दिवशी रेडिओवर सांगितलं होतं की स्थानबद्ध लोकांना आता कुठेही जाता येईल, कोणाकडे सही करायला नको. तरी सहा वाजता बराकींची दारं उघडली आणि माणसं आपापल्या जागी आली. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. अर्धा तास गेला. वही घेऊन कोणीच आलं नाही. शेवटी बार्दोककाका म्हणाला, "आता काय, एकमेकांची हजेरी घ्यायची का?" थोडे लोक हसले. मग एकेक जण घरी गेला. एकमेकांकडे बघायची सगळ्यांनाच लाज वाटत होती.

फुशासला गाव म्हणायचं ते केवळ नकाशावर तसं लिहिलंय म्हणून. दलदल उपसून काढलेल्या सपाट जमिनीवर सात लांबलचक बराकी, एका कुटुंबाला एक खोली. सरकारी शेतावर कापूस आणि मका, आणि बारा महिने चर खणायचं काम. माझा भाऊ सीमा ओलांडून ग्रीसला पळाला, म्हणून मला आणि माझ्या नवऱ्याला, नाझिफला, इथे आणून टाकलं. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. शिक्षा पाच वर्षांची होती. ती संपत आली की एक माणूस कागद घेऊन यायचा आणि आणखी पाच वर्षं वाढवून जायचा. मूल होऊ द्यायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलं. इथे जन्मलेल्या मुलाच्या नावापुढेही स्थानबद्ध असाच शेरा पडायचा आणि त्याला चर खणण्यावाचून दुसरं काही मिळायचं नाही.

आमच्या शेजारच्या खोलीत म्रिका आणि तिची आई वितोरे राहत. मधली भिंत इतकी पातळ होती की त्यांच्याकडे कॉफी उकळली की मला कळायचं. त्या उत्तरेकडच्या डोंगरातल्या कॅथलिक, आम्ही दक्षिणेकडचे मुसलमान. सुरुवातीला एकमेकींचं बोलणंही नीट कळायचं नाही. पुढे इतकी सवय झाली की नाझिफ म्हणायचा, "तुमची तीन तोंडं आणि जीभ एकच." म्रिका चार वर्षांची असताना इथे आली होती. तिच्या बापाचं नाव लुका. एकोणीसशे पासष्ट साली नदीचा बांध फुटला आणि दोनशे एकर कापूस पाण्याखाली गेला. कोणाला तरी दोषी धरायचं होतं, म्हणून आमच्या बराकींतली सात माणसं उचलली. त्यांच्यात लुका होता, आणि बार्दोककाकाचा धाकटा भाऊही होता. जिल्ह्याच्या गावी चित्रपटगृहात एका दिवसात खटला झाला. सातही जणांना गोळ्या घातल्या. कुठे पुरलं ते घरच्यांना सांगितलं नाही. वितोरे दर वर्षी कचेरीत जाऊन विचारायची आणि दर वर्षी तिला सांगायचे की अशी काही नोंद नाही.

आणि नाझिफबद्दल आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं. त्र्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी त्याच्या पोटात दुखायला लागलं. दहा वाजेपर्यंत तो भिंतीला पाठ लावून वाकला होता आणि अंगात ताप होता. गावाबाहेर पाऊल टाकायला नेवरूझची सही लागायची. नेवरूझ म्हणजे आमच्यावर नेमलेला अधिकारी, हजेरीची वही त्याच्याच हातात. मी त्याच्याकडे गेले. तो म्हणाला की पोटदुखी तर कामाच्या दिवशी सगळ्यांनाच होते, संध्याकाळच्या हजेरीला येऊ दे त्याला, मग बघू. दुपारी पुन्हा गेले, तेव्हा त्याने दारच उघडलं नाही. संध्याकाळी नाझिफला आम्ही दोघींनी धरून पंपघरासमोर उभं केलं, एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने म्रिका. पावणेदोनशे नावं वाचून होईपर्यंत तो तसा उभा होता. नेवरूझने सही दिली ती त्यानंतर. शेताची गाडी त्याला घेऊन निघाली. जिल्ह्याचं गाव तीन मैलांवर राहिलं असताना, पुलाजवळ, त्याचा जीव गेला. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलं होतं, दुपारपर्यंत आणलं असतं तर काहीच नव्हतं.

तर एक्याण्णव साली हजेरी बंद झाली, आणि उन्हाळ्यापर्यंत अर्ध्या बराकी रिकाम्या झाल्या. ज्यांचे नातेवाईक होते ते नातेवाइकांकडे गेले, ज्यांचे नव्हते ते बंदरावर जाऊन मिळेल त्या जहाजावर चढले. सरकारी शेताचं काय होणार ते कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लोकांनी काचघरांच्या काचा, पंपांची तांब्याची तार, गोठ्याची कौलं, जे हाती लागलं ते नेलं. म्रिका सदतीस वर्षांची होती आणि धडधाकट होती. ती जाऊ शकली असती. पण वितोरे जागची हलेना. ती म्हणायची, तुझा बाप इथल्याच मातीत कुठेतरी आहे, त्याला टाकून मी जाणार नाही. मी राहिले कारण मला जायला कोणी नव्हतं, आणि नाझिफची कबर इथल्या टेकाडावरच्या दफनभूमीत होती.

नेवरूझही गेला नाही. जिल्ह्याच्या गावी हुकूमशहाचा पुतळा पाडला त्या आठवड्यात त्याने खानावळीत सगळ्यांसमोर आपलं कम्युनिस्ट पक्षाचं कार्ड फाडलं. नंतर जमीन वाटायची वेळ आली तेव्हा कुठला चर कुठे जातो आणि कोणता तुकडा किती भरतो हे फक्त त्यालाच माहीत होतं, म्हणून मोजणीची दोरी त्याच्या हातात आली. लोक त्याला कॉम्रेड म्हणता म्हणता मध्येच अडखळायचे आणि श्रीमान म्हणायचे. तो हसून म्हणायचा, "जुनी सवय आहे, जाईल हळूहळू."

त्याच सुमारास एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने वितोरेला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तो मरायला टेकला होता. त्याने सांगितलं की त्या सात जणांना नेणारा ट्रक तो चालवत होता, पण त्याला ट्रकमधून उतरू दिलं नव्हतं. मागे चार सैनिक होते, तिघं मेले आहेत, चौथा नेवरूझ. तेव्हा तो तिशीत होता.

पुरल्याची जागा विचारायला म्रिका नेवरूझकडे तीनदा गेली. पहिल्यांदा तो म्हणाला, चुकीची माहिती आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, इतक्या वर्षांचं कोणाला आठवतं. तिसऱ्यांदा त्याने नुसती सिगरेट पेटवली. आणि फेब्रुवारीत तो स्वतःच त्यांच्या खोलीत आला. मी त्या दिवशी रेशनच्या रांगेत होते. तिथे काय झालं ते म्रिकाने मला पुष्कळ नंतर सांगितलं, आणि तिने माझ्यापासून काही लपवलं असेल असं मला वाटत नाही.

तो आला तेव्हा वितोरे खाटेवर बसली होती, ती उठली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर कोणी बसून राहिलं असेल. तो स्वतःच स्टुलावर बसला आणि सरळ मुद्द्यावर आला.

"मला एक दाखला हवाय," तो म्हणाला. "नव्या पक्षाला गावच्या परिषदेसाठी माणूस पाहिजे. ते म्हणतात, ज्यांचा छळ झाला त्यांच्यापैकी एखाद्या घराने लिहून दिलं की हा माणूस बरा वागला, तर माझं नाव पुढे जाईल. तुमचं घर त्यात वरचं. तुमच्या घरातला माणूस मारला गेलाय."

"आणि जागा?" म्रिकाने विचारलं.

"दाखला मिळाला की दुसऱ्या दिवशी दाखवतो."

"आधी जागा दाखव."

"म्रिका, मी तुला लहानाची मोठी होताना पाहिलंय. हाडं हातात आल्यावर तू सही करशील?"

त्याने खिशातून रेघांचा कागद काढला आणि तो सांगत गेला तसं ती लिहीत गेली. आमच्या कुटुंबाशी तो नेहमी माणुसकीने वागला. वरून आलेले हुकूम तो शक्य तितके सौम्य करून पाळत असे. तिसरं वाक्य त्याने सांगितलं तिथे तिचा हात थांबला. आजाऱ्याला त्याने कधी अडवलं नाही.

"हे नको," ती म्हणाली.

"तेच तर पाहिजे. लोक बोलतात ते त्याच्याबद्दलच बोलतात."

म्रिकाने आमच्या मधल्या भिंतीकडे पाहिलं. वितोरे खाटेवरून म्हणाली, "लिही." म्रिकाने लिहिलं आणि खाली सही केली.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला म्रिकाने एवढंच सांगितलं की नेवरूझ जागा दाखवायला तयार झाला. मला वाटलं, म्हातारपणी त्याला देव आठवला असेल. मी माझं फावडं घेतलं आणि त्यांच्याबरोबर गेले. बार्दोककाकाही आला, सत्तरीचा माणूस, खांद्यावर कुदळ घेऊन. सात जण एकाच खड्ड्यात असतील अशी त्याला आशा होती.

नदीच्या बांधाखाली जुन्या वीटभट्टीचं धुराडं आहे. नेवरूझने धुराड्याला पाठ लावली, पॉप्लरच्या झाडांच्या दिशेने पावलं मोजली आणि टाचेने मातीत खूण केली. मग तो बांधावर जाऊन सिगरेट ओढत बसला. दुपारपर्यंत काही लागलं नाही. माती चिकट होती, फावड्याला धरून बसायची. दुसऱ्या दिवशी, छातीइतकं खाली गेल्यावर, बार्दोककाकाच्या कुदळीला तार लागली. तारेच्या आत मनगटाची हाडं होती.

तिथे तीन माणसं होती. एकमेकांवर पडलेली, हात मागे बांधलेले. म्रिकाने आम्हाला बाजूला केलं आणि हातांनी माती काढायला लागली. वितोरेला आम्ही खुर्चीवर बसवून तिथवर उचलून आणलं होतं. ती म्हणाली, "डावा हात बघ. कोपराच्या खाली." लग्नाआधी लुका मेंढरांमागे कड्यावरून पडला होता आणि त्याचा हात वाकडा जुळला होता. म्रिकाने पहिल्याचा हात काढला, तो सरळ होता. दुसऱ्याचाही सरळ. तिसऱ्याचं हाड तिने आईच्या मांडीवर ठेवलं. वितोरेने डोळे मिटून त्याच्यावरून अंगठा फिरवला. फिरवता फिरवता अंगठा एका जागी थांबला, तिथे गाठ होती. ती रडली नाही. तिने फक्त तिच्या डोंगरातल्या बोलीत काहीतरी म्हटलं, जे मला एवढ्या वर्षांनीही कळलं नाही, आणि म्रिकाने ते मला कधी सांगितलं नाही.

बार्दोककाकाने बाकीच्या दोघांचे दात पाहिले. त्याच्या भावाचे पुढचे दोन दात नव्हते. या दोघांचे होते. तो खड्ड्यातून वर आला आणि बांधावर नेवरूझकडे गेला. "बाकीचे चौघं?" त्याने विचारलं. नेवरूझ म्हणाला की तीन जागा होत्या, एकाच ठिकाणी पुरलं तर लोक शोधून काढतात म्हणून. एक तुम्हाला दाखवली. दुसऱ्या दोन सावकाश बघू, निवडणूक होऊन जाऊ दे. बार्दोककाकाने त्याला हात जोडले. ते मी खड्ड्यातून पाहिलं.

लुकाची हाडं वितोरेने स्वतः धुतली, आधी पाण्याने, मग राकी दारूने. धर्मावर बंदी असताना अठरा वर्षं तुरुंगात काढलेला एक पाद्री शहरातून आला. त्याला प्रार्थनेचे शब्द मध्ये मध्ये आठवत नव्हते, मग तो थांबायचा आणि वितोरे त्याला पुढचा शब्द सांगायची. बाकीच्या दोघांपैकी एकाची मुलगी सापडली. दुसऱ्याचं कोणी नव्हतं, त्याला लुकाशेजारी पुरलं. मे महिन्यात वितोरे गेली. सकाळी कॉफी घेतली, पुन्हा आडवी झाली आणि संपली. इतकं सोपं मरण मी फुशासमध्ये दुसरं पाहिलं नाही.

जूनच्या एका रविवारी नव्या पक्षाची सभा झाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं व्यासपीठ केलं होतं, निळे झेंडे होते, लोक दोन बोटं वर करून उभे होते. म्रिका माझ्या शेजारी उभी होती. जिल्ह्याचे पुढारी आले होते, पेशाने दातांचे डॉक्टर, चांगला माणूस, त्यांचा स्वतःचा भाऊ तुरुंगात गेलेला. ते म्हणाले की आपल्याला सूड नको आहे, आपल्याला माणुसकी हवी आहे, आणि त्या काळातही माणुसकी सांभाळणारे लोक होते. मग त्यांनी खिशातून कागद काढला. हे पत्र एका हुतात्म्याच्या लेकीने लिहिलंय, असं म्हणून ते वाचायला लागले.

लुकाचं नाव ऐकल्यावर मला अभिमान वाटला. मी टाळी वाजवायला हातसुद्धा वर केले. तेवढ्यात ते वाक्य आलं. आजाऱ्याला त्याने कधी अडवलं नाही. माझे हात तसेच वर राहिले. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या. त्यांतले निदान तीस जण त्या संध्याकाळी पंपघरासमोर रांगेत उभे होते, त्यांनी नाझिफला बघितलं होतं. मी म्रिकाकडे पाहिलं. ती पायाखालच्या मातीकडे बघत होती. ट्रॉलीवर नेवरूझने छातीवर हात ठेवून मान झुकवली.

अकरा दिवस मी तिच्याशी बोलले नाही. भिंतीपलीकडून तिची भांडी वाजायची, खोकला ऐकू यायचा. बाराव्या दिवशी ती आली आणि दारातच उभी राहिली.

"तुझं नाव मी त्यात घातलं नाही, सानिये."

"नाझिफला दुसऱ्या बाजूने कोणी धरलं होतं?"

"मी."

"मग?"

ती आत आली आणि म्हणाली, "आईने त्या हाडावर अंगठा फिरवला तेव्हा तू तिथे होतीस. आईला काय मिळालं ते तूही बघितलंस. माझ्या जागी तू काय केलं असतंस ते सांग."

मीही लिहिलं असतं. आज मला ते कबूल करायला काही वाटत नाही. त्या दिवशी मी तिला तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, "ते मागे घे. कचेरीत जाऊन लिहून दे की ते खोटं होतं."

तिने लगेच मान डोलावली. जणू काही मी हे म्हणावं म्हणूनच ती आली होती. उद्याच जाऊ, ती म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या दारात माणसं होती. बार्दोककाका, आणि बाकीच्या तिघांच्या घरची माणसं, एक तर डोंगर उतरून दोन दिवस प्रवास करून आलेली. बातमी कशी पसरली कोण जाणे. ते भांडायला आले नव्हते. नेवरूझने त्यांना शब्द दिला होता की निवडणूक झाल्यावर दोन्ही जागा दाखवीन. बार्दोककाका म्रिकाला म्हणाला, "तीनच आठवडे थांब, पोरी. मी सत्तावीस वर्षं थांबलोय."

म्रिका माझ्याकडे आली आणि तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. तू ठरव, ती म्हणाली, तू म्हणशील तसं मी करीन. मी विचार केला की तीन आठवड्यांनी तो परिषदेचा अध्यक्ष झालेला असेल, मग आमचं कोण ऐकणार. हा विचार खरा होता. पण तेवढाच नव्हता. ट्रॉलीवरून त्याने झुकवलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हती, आणि मला ती एक दिवसही सहन करायची नव्हती. मी म्हटलं, "आजच जायचं." आम्ही निघालो तेव्हा ते लोक पंपघराजवळ उभे होते. त्यांनी आम्हाला अडवलं नाही.

कचेरीत कारकून तोच होता, टेबल तेच. भिंतीवरची तसबीर काढली होती, तिथे चुन्याचा पांढरा चौकोन राहिला होता. म्रिकाने सांगितलं, त्याने लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, "आधीचं निवेदन तुम्ही दबावाखाली दिलं?"

"दबाव नव्हता," म्रिका म्हणाली. "बदल्यात दिलं."

"कशाच्या बदल्यात?"

"बापाच्या."

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, मग छापील कागदाकडे पाहिलं. "तसा रकाना नाहीये बाई," तो म्हणाला आणि त्याने दबावाखाली असं लिहिलं. शिक्का मारला. मीही माझी तक्रार दिली, नाझिफबद्दलची. तिलाही शिक्का मिळाला.

नेवरूझला त्याच संध्याकाळी कळलं. त्याने आम्हा दोघींना काही केलं नाही. त्याने फक्त बार्दोककाकाला निरोप पाठवला की मला आता काही आठवत नाही, त्या दोघी बायकांना विचारा.

दातांचे डॉक्टर म्हणाले की तुमचं बरोबर असेल, पण निवडणुकीच्या तोंडावर हे काढलं तर जुन्याच लोकांचा फायदा होईल, नंतर बघू. निवडणूक झाली. नेवरूझ निवडून आला. आजूबाजूच्या वाड्या धरून चारशे मतं होती, त्यांतली तीनशेच्या वर त्याला पडली, आणि कोणी कोणावर जबरदस्ती केली नव्हती. लोक पडद्याआड एकेकटे गेले आणि खूण करून आले. जमिनीचे कागद अजून त्याच्या हातात होते, तेही खरं. माझ्या तक्रारीचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं. एकाच साक्षीदाराची दोन परस्परविरोधी निवेदनं असल्यामुळे दोन्ही विचारात घेता येत नाहीत, असं त्यात लिहिलं होतं.

म्रिका निवडणुकीनंतरच्या शरद ऋतूतच इटलीला गेली. एका म्हातारीची शुश्रूषा करायचं काम मिळालं होतं. निघताना तिने मला मिठी मारली, मीही मारली, पण आमच्यात पहिल्यासारखं काही राहिलं नव्हतं. गावात तिच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि माझ्याशीही. टाळ्या वाजवणारेही बोलत नव्हते आणि ज्यांच्या माणसांची हाडं मातीत राहिली तेही. तिची पत्रं काही वर्षं येत राहिली, मग मी उत्तर द्यायची थांबले.

ती गेल्यावर आठवडाभराने बार्दोककाका माझ्या दारात आला. मला वाटलं, शिव्या देईल. मला त्या हव्याही होत्या. तो आत येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. मी कॉफी केली. त्याने ती संपवली.

"नाझिफची कबर टेकाडावर आहे ना?" त्याने विचारलं.

"हो."

"तू जातेस?"

"दर शुक्रवारी."

"हं," तो म्हणाला. त्याने टोपी उचलली. "बरं आहे तुझं. कुठे जायचं ते तुला माहीत आहे."

तो हे कडवटपणे म्हणाला असता तर मला उत्तर देता आलं असतं. तो तसं म्हणाला नाही. कोणाची सून चांगली निघाली हे सांगावं, तसं म्हणाला. तो बराकींच्या मधून हळूहळू चालत गेला आणि मी कप धुतले.

दुसऱ्या दिवशी मी त्याला नदीच्या बांधावर पाहिलं. पहिला खड्डा जिथे होता तिथून पन्नास पावलांवर तो एकटाच खणत होता. मी घरी जाऊन फावडं आणलं. तो थोडा सरकला. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या तीन हिवाळ्यांत, पाऊस नसेल त्या दिवशी, आम्ही दोघं भट्टीपासून पुलापर्यंतचा बांध टप्प्याटप्प्याने खणत गेलो. म्हशीची हाडं मिळाली, जर्मन सैनिकाचं शिरस्त्राण मिळालं, एकदा लहान मुलाचा एक बूट मिळाला. माणसं मिळाली नाहीत. बार्दोककाकाला कामापुरतंच बोलायची सवय होती. त्याने निवडणुकीचा किंवा कचेरीचा विषय एकदाही काढला नाही. एकदाच, पाणी पिताना, तो म्हणाला की त्याच्या भावाला पोहता येत नव्हतं, आणि आई त्याला नदीकडे जाऊ द्यायची नाही.

नेवरूझ एक मुदत अध्यक्ष राहिला, मग राजधानीत मुलीकडे राहायला गेला. त्याच्या निवृत्तीचा सोहळा झाला. दोन हजार एक साली तो झोपेत गेला. मरताना शुद्धीवर होता का, काही म्हणाला का, ते मी ओळखीच्या माणसाकरवी विचारून घेतलं. शेवटचे काही महिने तो रोज सकाळी मुलीच्या घरातल्या माणसांची नावं मोठ्याने वाचायचा आणि प्रत्येकाने उत्तर दिल्याशिवाय जेवायला बसायचा नाही, एवढंच कळलं.

बार्दोककाका त्याच्या आधीच गेला होता, शहाण्णवच्या मार्चमध्ये. टेकाडावर आपल्या शेजारी एक जागा भावासाठी मोकळी ठेवा असं त्याने सांगून ठेवलं होतं. मी जोवर चालू शकत होते तोवर त्या जागेवरचं गवत काढत होते. दोन वर्षांपूर्वी माझे गुडघे गेले. नंतर वर जागा अपुरी पडायला लागली आणि त्या मोकळ्या ठेवलेल्या जागी खालच्या बराकीत राहायला आलेल्या एका माणसाला पुरलं. त्याच्या घरच्यांना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांनी वर चांगला संगमरवर बसवला आहे.